एकसष्ट खिळे

सप्टेंबरातली सकाळ. गवतावरचं दव अजून सुकलं नव्हतं आणि होझिया टर्नेज वाळूची हातगाडी ढकलत सातव्या होलकडे निघाला होता. गेली सत्तावीस वर्षं दर सप्टेंबरात तो हे काम करत आला होता. गोल्फ क्लबच्या कामांच्या यादीत हे काम नव्हतं, कुणी त्याला ते सांगितलेलं नव्हतं, आणि का करतोस म्हणून विचारणारंही कुणी नव्हतं. काळा माणूस गवतावर राबताना दिसला की गोऱ्यांची नजर त्याच्यावरून सरळ पुढे जायची, जशी कुंपणाच्या खांबावरून जाते.

सातवा होल म्हणजे त्या क्लबचं भूषण. चेंडू मारायची जागा उंचावर, समोर चारशे यार्डांची हिरवीगार पट्टी, आणि त्या पट्टीच्या मधोमध जमिनीला हलक्या हलक्या लाटा. त्या लाटांवर पडलेला चेंडू कधी डावीकडे घरंगळे, कधी जागच्या जागी बसे. लांबलांबच्या शहरांतून लोक हा होल खेळायला जॉर्जियात येत. एका मासिकात त्याचा फोटो आला होता आणि खाली लिहिलं होतं, निसर्गानेच आखलेली जमीन. ते पान चौकटीत घालून क्लबच्या बारमध्ये टांगलं होतं. होझियानं ते कधी पाहिलं नव्हतं. बारमध्ये काळ्या माणसानं जायचं ते ट्रे हातात घेऊन, आणि होझिया पडला बाहेरच्या कामाचा.

तो पायानं चाचपत चालायचा. जमीन जिथे थोडी खाली गेलेली लागे तिथे थांबायचा, दोन फावडी वाळू टाकायचा आणि दाताळ्याच्या पाठीनं ती अशी पसरायचा की खड्ड्याच्या कडा नाहीशा व्हाव्यात. हे खड्डे सगळे एका मापाचे होते. माणूसभर लांब, माणसाच्या खांद्यांइतके रुंद. सगळ्यांचं एक टोक पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि सगळे रांगेत. होझिया वाळू टाकून त्यांना गोलाई द्यायचा, एकात एक मिसळायचा, म्हणजे बघणाऱ्याला रांगा दिसू नयेत, लाटा दिसाव्यात. लपवण्याच्या या कामात त्याच्यासारखा कारागीर त्या राज्यात दुसरा नव्हता, आणि या गोष्टीची त्याला जितकी लाज वाटे तितकी दुसऱ्या कशाचीच वाटत नसे.

त्या सकाळी चौथ्या रांगेत फावड्याला काहीतरी टणक लागलं. बशीचा तुकडा, पांढरा, कडेला हिरवी रेघ. हिवाळ्यात गारठ्यानं लाल माती फुगते आणि पोटातलं वर ढकलते; वर्षभर असं काही ना काही सापडतच राही. त्यानं तुकडा पँटला पुसला आणि खिशात टाकला.

अवजारांच्या शेडमध्ये मागच्या भिंतीवर होझियानं खिळे ठोकले होते. एकसष्ट खिळे, सात रांगांमध्ये. प्रत्येक खिळ्याला पिठाच्या गोणपाटाची छोटी पिशवी. क्लबनं आजवर मैदानाचे सात गोरे सुपरिंटेंडंट नेमले. कामाचा 'क' त्यांतल्या प्रत्येकाला होझियानंच शिकवला, आणि त्या सगळ्यांना त्या पिशव्या बियाण्याच्या वाटल्या. होझियानं चौथ्या रांगेतला तिसरा खिळा शोधला, तुकडा त्या पिशवीत टाकला आणि फावडं धुवायला गेला.

*

गोल्फ हा मुळात आपला खेळ नाहीच. स्कॉटलंडच्या मेंढपाळांनी वाळूच्या किनाऱ्यावर काठीनं गोटे मारता मारता तो काढला म्हणतात. अमेरिकेत तो आला तो श्रीमंतांच्या सुटीबरोबर. आमच्या दक्षिणेकडे सुरुवातीला ग्रीनला, म्हणजे चेंडू घालायच्या भोकाभोवतीच्या जागेला, गवतसुद्धा नसायचं. उन्हात जळून जायचं, म्हणून तेल शिंपडलेल्या वाळूवर खेळत. मग पहिलं महायुद्ध संपलं, पैसा खुळखुळू लागला, उन्हात तगणारं बर्म्युडा गवत आलं, आणि गावागावातल्या कापूसवाल्यांना आणि बँकवाल्यांना वाटू लागलं की आपलंही एक मैदान असावं. मैदान आखायला स्कॉटलंडचाच माणूस हवा. मग असे साहेब आगगाडीनं यायचे, दोन दिवस रान तुडवायचे, कागदावर अठरा होल काढायचे आणि पुढच्या गावाची गाडी पकडायचे. रानाचं मैदान करायचं काम मागे राहिलेल्यांचं. म्हणजे खेचरांचं आणि आमचं.

आमच्या गावी असे मिस्टर कॅल्डर आले ते १९२५ साली. भर उन्हात लोकरी कोट, तोंडात चिलीम. हॅलक्रॉफ्ट घराण्यानं आपली जुनी जमीन क्लबला विकली होती आणि त्याच जमिनीच्या एका कोपऱ्यात, सीडरच्या झाडांखाली, बेथूएल या आमच्या काळ्यांच्या वस्तीचं कब्रस्तान होतं. गुलामीच्या काळापासूनचं. हॅलक्रॉफ्टच्या पणज्यानं तोंडी सांगितलं होतं, पुरा तुमचे लोक तिथे. तोंडी सांगितलेल्याला विक्रीच्या वेळी कोण विचारतो?

नाव कोरलेले दगड तिथे नव्हतेच. आमच्यात रीत वेगळी. मेलेल्या माणसानं शेवटी वापरलेली वस्तू त्याच्या कबरीवर ठेवायची, पण फोडून ठेवायची. बशी, कप, दिव्याची काच, औषधाची बाटली. फोडायची अशासाठी की मरणाची साखळी तिथेच तुटावी, घरातल्या दुसऱ्या कुणाला त्यानं ओढून नेऊ नये. भोवती शिंपले, आणि जमिनीवर पसरणारा निळ्या फुलांचा वेल. परक्याला तो उकिरडा वाटला असता. वाटलाच.

मिस्टर कॅल्डरनी पाचोळ्याखालचे खोलगे पाहिले आणि विचारलं, हे कसले? हॅलक्रॉफ्टचा मुनीम म्हणाला, जुनी झाडं जाळली त्यांच्या बुंध्यांचे खड्डे. त्याला सगळं ठाऊक होतं. कॅल्डर मात्र खूश झाले. अशी मऊ उतरणारी जमीन त्यांनी लहानपणी आपल्या समुद्रकाठी पाहिली होती. मुकादमाला बजावून गेले, या जमिनीला हात लावू नका, आहे तशी राहू द्या, फक्त वरचं साफ करा.

साफ करायला खेचरांची जोडी घेऊन आला तो चोवीस वर्षांचा होझिया. खेचरांमागे ओढायचं ते मोठं लोखंडी सुपडं बेथूएलमध्ये त्याच्यासारखं कुणी चालवत नसे. मुकादम म्हणाला, हा सगळा कचरा उचल आणि ओढ्यात टाक. होझियाची बायको ओडेसा तेव्हा पोटुशी होती. कापसाला कीड लागून तीन वर्षं झाली होती, आणि नाही म्हणणाऱ्या काळ्याचं त्या जिल्ह्यात काय होतं ते झाडांनी पाहिलं होतं. त्यानं उचललं. दोन दिवस उचलत होता. सीडर तोडले, वेल उपटला, फुटक्या बशा सुपड्यात भरभरून ओढ्यात रिकाम्या केल्या. तिसऱ्या रांगेत पाचवी कबर त्याच्या आईची, सॅब्राची. सन अठराच्या फ्लूमध्ये ती गेली होती, आणि तिच्यावर तिचा पाण्याचा निळा जग होता, बुड फोडलेला. ज्यातून ती शेवटचं पाणी प्यायली तो. तोही त्यानं सुपड्यात टाकला. बाकीच्या वस्तूंसारखाच.

रस्त्याच्या कडेला त्याचा बाप एमॉस उभा होता. सगळं बघत होता. त्या दिवसापासून एमॉस होझियाशी बोलला नाही. एका घरात आठ वर्षं राहिले, एका टेबलावर मक्याचा पाव मोडून खाल्ला. काही सांगायचं असलं तर म्हातारा सुनेला सांगे. सन चौतीसला मरताना त्यानं तोंड उघडलं ते इतकंच म्हणायला की मला सॅब्राशेजारी ठेवा. कसं ठेवणार? सॅब्रा कुंपणापलीकडे, जिथे काळ्या माणसानं मजूर म्हणून जावं, मुलगा म्हणून नाही. ओढ्यापलीकडच्या नव्या जागेत त्याला पुरला.

बेथूएलमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. चाळीस घरांची चूल क्लबवर पेटत होती. कुणी स्वयंपाकघरात, कुणी सदस्यांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहणारा कॅडी, कुणी धोबी. होझियाला कुणी बोल लावला नाही, आणि कुणी बोललं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. त्याऐवजी जमीन बोलायला लागली. शवपेट्या कुजत गेल्या तशी माती आत बसू लागली. सुपड्याखाली फुटून मातीत दबलेलं वर येऊ लागलं; पहिल्याच वर्षी बशीचा एक तुकडा आला. होझियानं तो उचलला, आणि त्याच आठवड्यात शेडमध्ये पहिला खिळा ठोकला.

*

काळ बदलला तसा क्लबही बदलला. मंदीत निम्मे सदस्य गेले, दुसऱ्या महायुद्धात आठ होलांवर गुरं चरली. युद्धानंतर पुन्हा पैसा आला, आणि या वेळी पैशाबरोबर बुलडोझर आला. नव्या आखणीकारांना जमिनीचा कल बघत बसायची गरज उरली नाही; टेकडी नको असेल तर ढकलून द्यायची, तळं हवं असेल तर खणायचं.

होझियानं त्या सप्टेंबरात वाळू टाकली, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मिस्टर हॅविलंड आले. साल १९५३. उत्तरेकडचे आखणीकार, शिकलेले, स्वभावानं सौम्य. सोबत क्लबच्या समितीचे अध्यक्ष मिस्टर बॅस्कम. खुंट्या ठोकायला होझियाला बोलावलं. गोरे लोक त्याला 'अंकल' म्हणत. त्यात नातं नव्हतं; काळ्याला मिस्टर म्हणावं लागू नये म्हणून काढलेली ती पळवाट होती.

हॅविलंडनी नकाशा उघडला. ते म्हणाले की हा होल दाखवायला त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना इथे आणलेलं आहे, कॅल्डरसाहेबांची ही जमीन म्हणजे पाठ्यपुस्तक आहे, पण आता लोक चेंडू लांब मारतात, लाटांनी कुणी अडत नाही. इथे तळं हवं. आठ फूट खोल. पुढच्या सोमवारी बुलडोझर येईल.

मग ते पावलं मोजत चालले आणि बोटानं जागा दाखवत गेले. होझिया लाल चिंधी बांधलेल्या खुंट्या ठोकत मागून चालला. एक, दोन, तीन. सातवी खुंटी तिसऱ्या रांगेतल्या पाचव्या खोलग्यात आली. तो थांबला. हॅविलंडनी वळून पाहिलं. होझियानं खुंटी टेकवली आणि हातोडा मारला. इतर खुंट्यांना चार घाव लागले होते. ही एका घावात आत गेली, खाली पोकळ असल्यासारखी. ती पोकळी त्याला हातोड्याच्या दांड्यातून मनगटापर्यंत जाणवली आणि पुढे दिवसभर ते मनगट गार पडून राहिलं.

संध्याकाळी तो जेवायला बसला. टेबलावर कोबीच्या जातीची पालेभाजी होती, रताळी होती, त्यानं ताट बाजूला सारलं. मुलगी व्हर्लीन समोर मुलांच्या वह्या तपासत होती. बेथूएलच्या शाळेत ती मास्तरीण होती, सत्तावीस वर्षांची, आईच्या पोटात होती तेव्हाच या सगळ्यातून गेलेली, पण मोठ्यांनी पोरांपुढे विषयच न काढल्यानं तिला त्याची गंधवार्ता नव्हती. होझियानं खाली बघत सगळं सांगितलं. कबरी, सुपडं, निळा जग, खिळे, आज ठोकलेली खुंटी. सांगून झाल्यावर ओडेसाला म्हणाला, वाळूचं आणि खिळ्यांचं तुला मी कधी सांगितलं नाही.

ओडेसा क्लबच्या स्वयंपाकघरात भांडी घासून आली होती, हात अजून सुरकुतलेले होते.

"सांगायला कशाला हवं?" ती म्हणाली. "तुझ्या पँटी कोण धुतं? सत्तावीस वर्षं मी तुझ्या खिशात राहून गेलेले तुकडे काढतेय, पुसतेय आणि परत ठेवतेय. माझी आजी पण आहे तिथे, होझिया."

मग होझिया म्हणाला की उद्या बॅस्कमसाहेबांशी बोलून बघतो, माणूस देवाला मानणारा आहे.

*

मिस्टर बॅस्कमनी त्याला क्लबच्या मागच्या दारात ऐकून घेतलं. ओरडले नाहीत, हाकलला नाही. पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली आणि शांतपणे विचारलं, "एखादा दगड आहे का अंकल, नाव कोरलेला?"

"नाही साहेब. आमच्यात तशी रीत नव्हती."

"चर्चची वही?"

"जळाली साहेब. चर्चसकट."

ते चर्च कुणी जाळलं हे दोघांनाही ठाऊक होतं. बॅस्कमनी क्षणभर झाडांकडे पाहिलं.

"मग तुला तरी काय ठाऊक, तिथे कोण आहे ते?"

"मीच साफ केली ती जागा. माझ्या हातानं."

"म्हणजे सत्तावीस वर्षं गप्प बसलास," बॅस्कम म्हणाले, अगदी प्रेमानं. "अजून एक आठवडा बस. तुझी मुलगी छान शिकवते म्हणतात. दर वर्षी तिचं नाव शाळांच्या मंडळापुढे येतं, तिला ठेवायचं की नाही म्हणून. मी असतो ना तिथे."

होझिया घरी आला आणि दाराच्या पायरीवर बसला. आईची हाडं की पोरीची भाकरी, एवढाच प्रश्न होता, आणि कुठलाही बाप याचं जे उत्तर देईल तेच तो मनात देत होता. व्हर्लीन बाहेर आली आणि काय म्हणाले म्हणून विचारलं. त्यानं आधी टाळलं, मग सांगितलं. आपलं नाव मध्ये आलंय हे ऐकून ती खाली बसली. तिलाही भीती वाटली. वाटली नाही असं म्हणणं खोटं होईल. ती नोकरी मिळवायला तिनं शाळांच्या किती पायऱ्या झिजवल्या होत्या ते तिचं तिलाच ठाऊक.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "मी पोरांना रोज सांगते, कुणी नाव विचारलं तर मान वर करून सांगा. तुम्ही गप्प बसलात तर सोमवारनंतर मी हे कुठल्या तोंडानं सांगू? नोकरी राहील, पण शिकवायला माझ्याकडे काय उरेल?"

होझियानं तिच्याकडे पाहिलं. तिची हनुवटी थेट सॅब्राची होती. हे त्याला रोज दिसायचं आणि रोज तो दुसरीकडे बघायचा. त्या दिवशी त्यानं नजर काढली नाही.

*

शनिवारी रात्री कंदील घेऊन तिघं जण सातव्या होलवर आली. होझियानं आधी खुंट्या उपटल्या. मग प्रत्येक खोलग्यातली वाळू फावड्यानं काढायला लागला. सत्तावीस वर्षांची वाळू. ती निघत गेली तशा कडा दिसू लागल्या, मग लांबी दिसू लागली, मग रांगा. ओडेसा आणि व्हर्लीन शेडमधून पिशव्या आणत होत्या. होझिया खिळ्याचा नंबर सांगे आणि त्या त्या जागी तुकडे मांडत. पहिली रांग, दुसरा खिळा, दिव्याची काच. दुसरी रांग, नववा, लहान मुलाच्या कपाचा कान. ती भिंत म्हणजे त्याचा नकाशा होता, आणि कॅल्डरच्या किंवा हॅविलंडच्या नकाशाइतकाच काटेकोर होता. काही पिशव्यांत मूठभर होतं, काहींत एकच कपची. तिसऱ्या रांगेतल्या पाचव्या पिशवीत निळे अकरा तुकडे होते. ते त्यानं स्वतः मांडले, आणि मधे बुडासारखी गोल जागा मोकळी ठेवली.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास खेळणाऱ्यांची पहिली चौकडी आली. बॅस्कम, हॅविलंड, आणखी दोघे. मागे पिशव्या खांद्यावर घेतलेले चार कॅडी, सगळे बेथूएलचे, मोठे बाप्ये. उंचावर येऊन सगळे थबकले. उन्हं तिरपी होती. खाली हिरव्या गवतात एकसष्ट कबरी उघड्या पडल्या होत्या आणि प्रत्येकीवर काचा आणि बशांचे तुकडे चमकत होते.

बॅस्कम तरातरा उतरले. "हा कचरा इथे कुणी टाकला?"

सत्तावीस वर्षांपूर्वी मुकादमानं वापरला होता तोच शब्द. होझियानं डोक्यावरची टोपी काढली, पण साहेबासाठी नाही.

"कचरा नाही साहेब. ही माझी आई. सॅब्रा टर्नेज."

मग तो पुढच्या कबरीपाशी गेला. त्यानं सगळी नावं घेतली. ओरडून नाही, हजेरी घेतल्यासारखी. ही ओडेसाची आजी, डोर्कस. हा लोहार, नाव इसम, हॅलक्रॉफ्टच्या घोड्यांना नाल मारायचा. ही दोन जुळी, त्यांना नावं ठेवायच्या आधीच गेली. या दोघांची नावं मला माहीत नाहीत, पण आहेत ती. पाचव्या रांगेत तो म्हणाला, "फिनिअस बीम, लूथरचा आजा." चौघा कॅडींमधला लूथर बीम तसाच उभा होता. त्यानं खांद्यावरची बॅस्कमसाहेबांची पिशवी उतरवून गवतावर ठेवली, चालत गेला आणि आज्याच्या कबरीशेजारी मांडी घालून बसला. मग बाकीच्या तिघांनीही पिशव्या ठेवल्या.

"उचल हे सगळं," बॅस्कम म्हणाले. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता. "आत्ताच्या आत्ता."

"नाही साहेब. एकदा उचललं होतं. परत नाही उचलणार."

आयुष्यात पहिल्यांदा तो गोऱ्या माणसाला नाही म्हणाला होता. व्हर्लीननं मागून त्याचा कोट घट्ट धरला होता. हॅविलंड एव्हाना रांगांमधून चालत होते, पावलं मोजत, पूर्वेकडून पश्चिमेकडे. मोजणं त्यांनी मध्येच सोडलं. ज्या जमिनीवर उभं राहून त्यांनी विद्यार्थ्यांना धडे दिले होते ती काय होती हे त्या माणसाला कळलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी नकाशाची सुरळी केली आणि दुपारच्या गाडीनं निघून गेले. याविषयी त्यांनी पुढे कुठे एक ओळ लिहिली नाही. लोक म्हणतात, भला माणूस होता. असेल. मला विचाराल तर भल्या माणसांच्या अशा गप्प बसण्यावरच हे सगळं इतकी वर्षं तगून राहिलं.

सोमवारी बुलडोझर आला. तो चालवणारा डूली म्हणून एक गरीब गोरा होता, डोंगरातला. त्यानं एकसष्ट कबरी पाहिल्या, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, मी मेलेल्यांच्या वाटेला जात नाही, दुसरा बघा. दुसरा मिळाला नाही. पुढे सदस्यांतही कुजबुज सुरू झाली. सातव्या होलवर चेंडू वळतच नाही, बुटांच्या खिळ्यांखाली काच वाजते, वाजते आणि खाली बघावं तर काही नसतं. एकेक जण तो होल टाळू लागला. शेवटी क्लबनं त्याला कुंपण घातलं आणि पलीकडे नवा सातवा होल काढला, तळ्यासकट. जागा वाचली. पण शरम वाटली म्हणून नाही, भीती वाटली म्हणून, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

होझिया आणि ओडेसाला त्याच दिवशी काढून टाकलं. लूथरला आणि बाकीच्या तिघांनाही. व्हर्लीनचं नाव वसंतात शाळांच्या मंडळापुढे आलं आणि बॅस्कमनी शब्द पाळला. ती आता पुन्हा बांधलेल्या चर्चच्या मागच्या खोलीत शिकवते. पहिल्या दिवशी नऊ मुलं आली. त्यांना तिनं आधी अक्षरं शिकवली नाहीत. होझियाच्या तोंडून ऐकून एकसष्ट कबरींतली नावं एका नव्या वहीत उतरवायला लावली, आणि जिथे नाव माहीत नव्हतं तिथे एक ओळ कोरी सोडायला लावली. वहीच्या दोन प्रती केल्या. एक चर्चमध्ये असते, दुसरी कुठे असते ते आम्ही सांगत नाही.

या देशात अशी हिरवीगार मैदानं हजारांनी आहेत. त्यांच्या नकाशांवर आखणाऱ्याचं नाव असतं, विकणाऱ्याचं असतं. कधी तुम्ही तिथे गेलात आणि जमीन उगाच माणूसभर खाली गेलेली दिसली, तर निसर्गाचं कौतुक करण्याआधी कुंपणाबाहेरच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, ही कुणाची आहे म्हणून. आणि तो काही बोलला नाही तर त्याच्या खिशांकडे बघा.

वसंतात, एका रविवारी, होझिया ओढ्यापलीकडे एमॉसच्या कबरीवर गेला. तिथली मूठभर माती रुमालात बांधून घेतली आणि कुंपणाच्या फटीतून आत शिरला. सॅब्राच्या खोलग्यावर निळा वेल पुन्हा आला होता. हिवाळ्यात जमीन आणखी खाली बसली होती. सवयीनं त्याचा हात फावड्याकडे गेला आणि फावडं नव्हतं. अकरा तुकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत त्यानं बापाची माती ठेवली.

"आणलं तुम्हाला," तो म्हणाला. "उशीर झाला."

बराच वेळ तो बसून होता. एमॉस त्याच्याशी बोलला की नाही ते त्याचं त्याला ठाऊक. त्यानं कधी सांगितलं नाही. येताना त्याला गवतात आईच्या जगाचा आणखी एक तुकडा दिसला, बारावा. त्यानं तो उचलला नाही, होता तिथेच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी ओडेसानं धुवायला त्याची पँट घेतली आणि सवयीनं दोन्ही खिसे चाचपले. खिसे रिकामे होते. पँट मांडीवर घेऊन ती तिथेच बसली आणि पोटभर रडली.